दोन्ही वेलांट्या दुसऱ्या

गॉलवे, आयर्लंड,
१६ नोव्हेंबर

प्रिय मने,

"नाव ठरलं का गं?" एवढंच विचारलंयस, पण उत्तर लांबणार आहे. मुलगी आहे. इथे सोनोग्राफीत विचारलं की सांगतात. तारीख जानेवारीअखेरची दिलीय.

नाव आयरिश हवं हा हट्ट माझा. नवरा जन्मला, वाढला इंग्लंडात, लीड्सला. नोकरीसाठी इकडे आला. पण त्याची आजी इथल्याच मेयो परगण्यातली, आयरिश बोलणाऱ्या गावातली. १९५० नंतरच्या वर्षांत मेयोतून कितीतरी माणसं कामासाठी लीड्सला गेली, त्यांतली ती एक. घरी ती ब्रीद. लीड्सला कपडे धुण्याच्या कामावर लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिथल्या बाईंनी हजेरीत ब्रिजेट लिहिलं आणि ती जन्मभर ब्रिजेट राहिली. तिने गावी बहिणीला लिहिलेली पत्रं आमच्याकडे आहेत. लिफाफ्यावर पाठवणारी ब्रिजेट, आत सही ब्रीद. आणि त्या ईवरची छोटी तिरकी रेघ प्रत्येक पत्रात दोनदा गिरवलेली. त्या रेघेला इथे 'फाडा' म्हणतात, म्हणजे लांब. आपलं दीर्घच की! ती सही पाहिली, त्या दिवसापासून माझ्या मनाने घेतलंय.

आता सासरची बाकी माणसं पक्की इंग्रज. सासूबाईंचं म्हणणं एकच: "आयरिश ठेवा, पण मला नातीला न अडखळता हाक मारता आली पाहिजे." मला ते मनापासून पटलं. आजीनेच हाक मारायला कचरावं, असं नाव काय कामाचं?

म्हणून एका रविवारी नणंदेला नावांची यादी पाठवली आणि व्हिडिओ कॉलवर वाचायला सांगितली. नीव हे नाव रोमन लिपीत असं लिहितात की ती म्हणाली "नायाम". क्वीवाचं "काओइमी" झालं. सायव वाचताना तर ती थांबलीच; सुरुवातीची तीन अक्षरं इंग्रजीत 'सॅड' होतात ना. "मुलीच्या नावात दुःख कशाला?" म्हणाली, आणि खरंच कासावीस झाली बिचारी. सायव ही आयरिश कथांतली हरिणी झालेली स्त्री, ओशीन या वीराची आई. पण ते सांगेपर्यंत तिने कागद बाजूला ठेवला होता.

मने, दोष तिचा नाही आणि त्या लिपीचाही नाही. आपण 'चहा' आणि 'चमचा' एकाच चने लिहितो, बोलताना मात्र दोन वेगळे च काढतो. कुठे कोणता, हे लिहिलेलं सांगत नाही, कान सांगतो. आयरिशमध्ये जवळजवळ प्रत्येक व्यंजनाची अशी दोन रूपं आहेत, रुंद आणि सडपातळ, आणि कोणतं ते शेजारचा स्वर सांगतो. 'सीर्शा' म्हणजे स्वातंत्र्य. त्याच्या स्पेलिंगमध्ये स्वरांची एवढी गर्दी का, तर पहिला स रुंद ठेवायचाय आणि शेवटचा सडपातळ, म्हणजे श. निम्मे स्वर नुसते वाट दाखवायला उभे. आणि या नावांच्या स्पेलिंगमध्ये जागोजागी येणारा एच? जुन्या आयरिश लिपीत तिथे अक्षराच्या डोक्यावर टिंब असायचं. टिंब आलं की बचा व, मचा व. विसाव्या शतकाच्या मध्यावर रोमन छपाई रूढ झाली, तेव्हा टिंबाच्या जागी एच आला.

त्या लिपीपायी माणसं कोर्टात गेली आहेत. डोनेगलचा कवी नीअल मॅक गिल्ला व्रीदे याने आपल्या गाडीवर नाव आयरिश अक्षरांत रंगवलं म्हणून त्याला दंड झाला. १९०५ साली डब्लिनच्या कोर्टात त्याची बाजू मांडली पॅट्रिक पिअर्सने, पुढे १९१६च्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावात ज्याने स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला त्याने. खटला हरले. त्या आडनावाचा अर्थ 'ब्रीदच्या सेवकाचा मुलगा'. हे कळलं तेव्हा मी हातातलं काम सोडून नवऱ्याला फोन केला.

आईने 'तारा' सुचवलं, तेही आयरिश आहे म्हणून. पण ते तारा टेकडीचं इंग्रजी केलेलं रूप; आयरिशमध्ये ती 'त्याउर'च्या जवळपास काहीतरी. 'ऊना' सगळ्यांना जमलं, फक्त मला नाही. लेकीला हाक मारताना 'उणी' कानावर यावी, हे मला सहन होईना.

राहता राहिलं ब्रीद. आपल्या कानाला केवढं मोठं! अभंगांतून देवाचं ब्रीद ऐकतच वाढलो आपण. इथेही ब्रीद म्हणजे किलडेअरची संत ब्रिजिड. १ फेब्रुवारी तिचा दिवस, २०२३पासून तिच्या नावाने सार्वजनिक सुट्टी असते. लव्हाळ्यांचे क्रूस विणून दारावर लावतात. पण इंग्रजी कानाला ब्रीद म्हणजे गुरांची पैदास. सासूबाई गप्प झाल्या, आणि मी आग्रह धरला नाही. शाळेच्या सुट्टीत लीड्सला गेलेल्या पोरीला कुणी त्यावरून चिडवावं, हे मलाही नको.

तोडगा सासऱ्यांनी काढला. ते फारसे बोलत नाहीत. म्हणाले, "गावाकडची माणसं आईला लहानपणी ब्रीदीन म्हणायची." छोटी ब्रीद. गॉलवेच्या पश्चिमेला कोनेमाराकडे तो द थोडा जकडे झुकतो, पण आम्ही द ठेवलाय. नणंदेने कागदावर पाहून आधी "ब्रिडिन" म्हटलं. मी सांगितलं, रेघ दिसली की लांबव. बस, एवढा एकच धडा.

बारसं फेब्रुवारीत करू. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, "मीच? पहिल्यांदा मीच?" काल तिचा आवाजी निरोप आला. तीनदा नाव घेतलंय. पहिले दोन चुकलेत. तिसरं इतकं नीट आलंय की नवऱ्याने परत परत लावून ऐकलं.

आई जानेवारीत येतेय. तिच्याबरोबर पाळण्यासाठी तुझ्या हातची दुपटी पाठव, आणि एकावर नाव भरून दे. देवनागरीतच. ब्रीदीन. दोन्ही वेलांट्या दुसऱ्या, विसरू नकोस.

तुझीच,
चिऊ