अण्णांच्या ओम्नीसाठी टेप

भांडुप, मुंबई

प्रिय सुध्या,

"व्हॅनला कुठला टेप घेऊ?" असं एका ओळीत विचारून तू मोकळा झालास. उत्तर काही एका ओळीत मावेना, म्हणून पत्रच लिहायला घेतलं. तू रत्नागिरीला गेल्यापासून आपलं लांबलचक बोलणं असंही होत नाही.

पहिली गोष्ट, मोठ्या स्क्रीनचा नाद सोड. तुझ्या डॅशबोर्डातला टेपचा कप्पा एका डिनचा आहे, म्हणजे साधारण १७८ मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. स्क्रीनवाल्या डबल डिन सेटला उंची लागते १०० मिलिमीटर. डॅशबोर्ड कापून बसवून देणारे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हवे तितके भेटतील. पण उन्हाने वाळलेलं प्लास्टिक कापलं की तडा जातोच, आणि ओम्नीचं उत्पादन २०१९ साली थांबलंय. नवा डॅशबोर्ड शोधत फिरशील.

दुसरं म्हणजे गाडीत बसणार अण्णा. त्यांना नाट्यसंगीत हवं, तेही त्यांच्या क्रमाने. परशुराम घाटात गाडी डुगडुगत असताना काचेवर बोट टेकवून आवाज कमी करायला त्यांना सांगणार आहेस का? त्यांना गोल फिरणारं बटणच हवं, ठसठशीत, न बघता हाताला लागणारं. आणि पुढे पेन ड्राइव्हची जागा, कारण रेंज गेली की फोनवरचं गाणं अडकतं. पेन ड्राइव्ह संगणकावर एफएटी-३२ या प्रकारात फॉरमॅट कर, बरेच सेट दुसरं काही वाचत नाहीत. ब्लूटूथ तुझ्या पोरांसाठी असू दे. सीडीची खाच नसलेला सेट घे. तो लांबीला आखूड असतो, मागे वायरींचा गुंता कोंबायला जागा राहते.

आता वॅटचं सांगतो, कारण दुकानात तुला इथेच गुंडाळतील. खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असं ठळक छापलेलं असतं. तो आकडा क्षणभराचा. गाडी चालू असताना वीज मिळते चौदा व्होल्टच्या आसपास. त्यावर ४ ओहमच्या स्पीकरला टेपच्या आतला अॅम्प्लिफायर सलग वीस-बावीस वॅटच्या पुढे फारसं देऊ शकत नाही. कुठल्याही कंपनीचा असो, गणित तेच. म्हणून खोक्याच्या मागे बारीक अक्षरात आरएमएस, म्हणजे सलग देता येणारे वॅट, लिहिलेलं असतं ते वाच. ते छापलेलंच नसेल तर सेट खाली ठेव.

मग पैसे कुठे घालायचे? स्पीकरवर. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्या घरघरीवर मात करायची तर कमी वॅटमध्ये जोरात वाजणारा स्पीकर हवा. त्याच्या माहितीत सेन्सिटिव्हिटी डेसिबलमध्ये दिलेली असते. तीन डेसिबल जास्त म्हणजे टेपची ताकद दुप्पट केल्यासारखंच. ९० आणि ९३ मध्ये निवडायचं असेल तर डोळे झाकून ९३ चा घे. वूफरच्या, म्हणजे खर्जाच्या दणदणाटासाठीच्या वेगळ्या स्पीकरच्या, फंदात पडू नकोस. अण्णांच्या तबल्याला त्याची गरज नाही, आणि मागच्या दाराचा पत्रा आधीच खुळखुळतोय.

मी परवा ऑपेरा हाउसकडच्या आणि लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून चक्कर मारली. दुकानातल्या बोर्डावर सगळेच सेट गोड वाजतात, कारण विक्रेता बास चढवूनच ठेवतो. मी आपला पेन ड्राइव्ह काढला, बास-ट्रेबल शून्यावर आणायला लावलं आणि आवाज अगदी बारीक केला. तिथे स्वस्तातला सेट उघडा पडला: गाण्याच्या मागे सतत सूं-सूं. शेजारचा जेव्हीसी स्वच्छ होता. केनवुडही बघायला हरकत नाही, २००८ पासून दोन्ही एकाच घरचे. बिल मात्र पक्कं घे, नाहीतर वॉरंटीला कुणी दाद देत नाही.

फिटिंगच्या वेळी स्वतः उभा राहा. पिवळी वायर थेट बॅटरीची, लाल चावीवरची, काळी अर्थिंगची. पिवळी-लाल अदलाबदल झाली तर चावी काढली की लावलेली स्टेशनं पुसली जातात. दोन्ही थेट बॅटरीवर गेल्या तर टेप जागाच राहतो आणि गाडी उभ्या-उभ्या बॅटरी उतरते. अर्थिंगचा स्क्रू जिथे बसतो तिथला रंग पॉलिश पेपरने खरवडून पत्रा लखलखीत करायला सांग. खाऱ्या हवेत तिथेच गंज धरतो, मग इंजिनाच्या वेगाबरोबर स्पीकरमधून शिट्टी ऐकू येते. फिटर म्हणेल टेप खराब आहे.

आणि महत्त्वाचं, जुन्या गाड्यांत कधीकधी स्पीकरची एक बाजू सरळ बॉडीला जोडलेली असते. नव्या टेपला ते अजिबात चालत नाही, आतली आयसी, म्हणजे अॅम्प्लिफायरची चिप, जळू शकते. प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र वायरी टेपपर्यंत आल्या पाहिजेत. तसं नसेल तर नव्या ओढून घे, वायरीचा खर्च किरकोळ असतो.

जुना टेप काढताना मागचं सॉकेट कापू देऊ नकोस. कप्प्याच्या आतल्या बाजूचा एक फोटो आणि खोलीचं माप तेवढं पाठव. बसत असेल तर तो जेव्हीसी मी शनिवारी घेऊन एसटीच्या पार्सलने टाकतो.

अण्णांना नमस्कार, वहिनींना सांग कोकम संपलंय.

तुझा,
बाळ्या