गवताच्या गंजीपाशी थांबलेला इतिहास

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत शिकणाऱ्या माझ्या भाचीने सुटीत येताना भेट म्हणून थंड पेयाच्या कॅनवर चढवायचे स्पंजाचे एक कव्हर आणले. त्यावर गवताची एक मोठी गंजी, तिच्या आडोशाला बसलेले पाच तरुण, वर कडाडणारी वीज आणि खाली 1806 हे साल, एवढेच छापलेले आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्रार्थनेसाठी जमले असता वादळ आले, तेव्हा त्यांनी गंजीचा आसरा घेतला आणि परदेशांत ख्रिस्ती धर्मप्रसार करण्याचा विचार तेथे पक्का केला, हा प्रसंग अमेरिकन मिशनच्या इतिहासात आरंभबिंदू मानला जातो. त्या जागी 1867 साली उभारलेला संगमरवरी स्तंभ आजही आहे.

धर्माशी निगडित इतिहास अशा वस्तूवर आला म्हणून मला मुळीच राग नाही. कव्हर कामाचेही आहे, कारण दमट हवेतील वाफ गार कॅनवर पाणी होऊन जमते तेव्हा आपली उष्णता आतल्या पेयाला देते आणि हे कव्हर नेमके ते जमणेच रोखते. माझी तक्रार आहे ती चित्र जेथे थांबले त्याबद्दल. त्या पाच जणांपैकी जेम्स रिचर्ड्स पुढे सिलोनला गेला व 1822 साली तेथेच वारला. परंतु या चळवळीचे सर्वांत टिकाऊ काम जेथे उभे राहिले, ते ठिकाण मुंबई होते, आणि ते उभे करणारा गॉर्डन हॉल त्याच कॉलेजचा विद्यार्थी असूनही त्या दिवशी गंजीपाशी नव्हता, म्हणून तो या चित्रातही नाही.

हॉल आणि त्याचा सहकारी सॅम्युएल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले. इंग्लंड-अमेरिका युद्ध सुरू होते, कंपनी सरकारला मिशनरी नको होते आणि दोघांना परत धाडण्याचा हुकूमही निघाला होता. हॉलने गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना पत्रे लिहून चिकाटीने आपली बाजू मांडली, तेव्हा कुठे त्यांना राहता आले. पुढे शाळा निघाल्या, छापखाना आला आणि 1826 साली तेथे मराठी ‘नवा करार’ छापून पुरा झाला. हा छापखाना पाहूनच गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला, आणि ‘निर्णयसागर’ छापखान्याचे जावजी दादाजी लहान वयात येथेच कामाला लागले. मराठी मुद्रणाची ही मुळे धर्मांतराच्या वादात अनेकदा झाकली जातात, याची मला खंत वाटते. तो वाद जरूर व्हावा, पण छापखान्याचा हिशोब त्यात बुडू नये. त्याच 1826 च्या मार्चमध्ये हॉल नाशिककडे गेला असता तिकडे पटकीची साथ होती. जवळची औषधे त्याने रुग्णांना वाटली. परतीच्या वाटेवर त्याला स्वतःला पटकीने गाठले तेव्हा ती औषधे संपत आली होती. एका देवळाच्या ओसरीवर त्याचा अंत झाला. त्याच्या हयातीत मुंबईला बर्फाने गार केलेले पेय मिळत नव्हते, कारण मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांतला बर्फ जहाजाने इकडे येऊ लागला तो 1830 च्या दशकात.

दुसरी गोष्ट जास्त खटकते. अमेरिकेत अशी कव्हरे बहुतेक बिअरच्या कॅनलाच घालतात. दारूविरोधी चळवळीची पहिली मोठी अमेरिकन संस्था फेब्रुवारी 1826 मध्ये बोस्टनला स्थापन झाली आणि तिच्या संस्थापकांपैकी जस्टिन एडवर्ड्स हे पाद्री विल्यम्स कॉलेजचेच पदवीधर होते. ज्यांच्या मंडळींनी दारूविरुद्ध एवढी मोठी मोहीम चालवली, त्यांचे चित्र बिअरच्या कॅनभोवती गुंडाळताना विक्रेत्याने थोडा विचार करायला हवा होता.

आमच्या नगरशी संबंध असलेल्या, अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरारबाईंचा तर अशा वस्तूंवर मागमूसही नसतो. 1827 च्या अखेरीस त्या अविवाहित असताना मुंबईस आल्या, आयुष्यभर त्यांनी मुलींना शिकवले आणि 1862 साली नगरलाच त्यांचे निधन झाले. जोतीराव फुले यांनी नगरमधील त्यांची मुलींची शाळा पाहिली होती, हे मराठी वाचकांना नव्याने सांगायला नको.

येथील मराठी चर्चमंडळ्यांना आणि वस्तुसंग्रहालयांना माझी विनंती आहे की, अमेरिकन लोक काढतात तशा साध्या वापराच्या वस्तू, पाण्याच्या बाटलीचे कव्हर, कापडी पिशवी किंवा वही, त्यांनीही काढाव्यात आणि त्यांवर मुंबईचा छापखाना व नगरची शाळा यांची चित्रे, नावे आणि साले छापावीत. 1842 साली नगरहून निघालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे पहिले पानही अशा वहीच्या मुखपृष्ठावर शोभेल. ज्यांच्याकडे जुनी चित्रे किंवा छपाईचे नमुने असतील, त्यांनी या कामासाठी ती उपलब्ध करून द्यावीत.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर