परसबागेला पाणी द्या, मुलांच्या ताटात दादर ज्वारीची भाकरी द्या: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेची परसबाग यंदाच्या मार्चमध्ये वाळून गेली. मेथी-पालकाच्या वाफ्यांना भेगा पडल्या, शेवग्याची रोपे बुडापासून सुकली आणि उरलीसुरली वांगी मोडक्या कुंपणातून शिरलेल्या शेळ्यांनी फस्त केली. दिवाळीनंतर पाहणीला आलेल्या साहेबांनी महिनाभरात नळजोडणी आणि तारेचे कुंपण करून देण्याचा शब्द दिला, वाफ्यांत उभे राहून फोटो काढून घेतले आणि त्यानंतर कोणीही फिरकले नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य या नात्याने मी माझ्या केळीचे पाणी तोडून बैलगाडीने टाक्या आणल्या, घरच्यांची बोलणी खाल्ली, ऐन निसवणीत, म्हणजे घड बाहेर पडताना, बागेला ताण बसला आणि घडांचे वजन घटले. ही झीज मला कोण भरून देणार आहे?

परसबाग फुलवा, हा आदेश तुमच्याच खात्याचा आहे. केंद्राने 2019 मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. परंतु जिथे उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तिथे पाण्याची सोय न करता बाग फुलवायला सांगणे ही शिक्षकांची आणि मुलांची क्रूर थट्टा आहे.

शाळेत मिळणाऱ्या दुपारच्या जेवणाच्या ताटाचेही तेच. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी मिळावी असा नियम आहे. मे 2025 पासून तांदूळ सोडून बाकी सामग्रीसाठी मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे ठरले आहेत. एवढ्यात डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन बसवायचे, आणि इंधन-भाजीपाल्याचे पैसे थकले की मुख्याध्यापकांनी किराणा दुकानात उधारी करायची. नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळी देण्याचा निर्णय झाला. जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्याचा निधी काढून घेतला आणि लोकसहभागातून सोय करा असे सांगितले. भाव पडला की केळीचे घड बांधावर फेकणाऱ्या या जिल्ह्यात शाळेतल्या पोराला केळ मिळू नये, याचा आम्हाला संताप येतो.

आमच्या घरी दादरची आणि कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी होते, सातपुड्यातल्या पाड्यांवर भगर पिकते, नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे. 2023 हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून देशभर गाजले, तरी शाळेच्या पातेल्यात बारा महिने तांदूळच शिजतो. माझी चौथीतली मुलगी भात अर्धा टाकून घरी येते आणि चुलीपुढे बसून भाकरी मागते. आणि ते पातेले रोज ज्या बायाबापड्या उचलतात, त्यांना महिन्याला 2500 रुपये मानधन. तेही वेळेवर नाही. मुंबईत बसून ठेके ठरवणाऱ्या व्यवस्थेला गावातला शेतकरी, गावातली चूल आणि गावातले मूल यांच्यावर विश्वासच टाकायचा नाही, हे आमचे खरे दुखणे आहे.

आठवड्यातून दोन दिवस भाताऐवजी दादरची भाकरी देण्यासाठी गावातूनच धान्य, डाळ आणि केळी खरेदी करण्याचा अधिकार व निधी शाळा व्यवस्थापन समितीला द्या, भाकऱ्या थापणाऱ्या बायांचे मानधन वाढवा, आणि परसबागेची नळजोडणी व कुंपण पावसाळ्यापूर्वी करून द्या. हे काम कोणता अधिकारी कोणत्या तारखेपर्यंत करणार, ते आम्हाला लेखी कळवावे.

आपला,
एक शेतकरी पालक, यावल तालुका, जि. जळगाव