लाल ठिपक्याने झोप उडाली

संपादक महोदय,

लाळ तपासून स्तनाच्या कर्करोगाचा धोका सांगणारा अहवाल माझ्या धाकट्या बहिणीने मागवला. चरबीशी निगडित एफटीओ जनुकापुढे लाल ठिपका! तेव्हापासून तिची झोप उडाली आहे. जीवशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून लिहिते. २००७ मध्ये उजेडात आलेल्या या जनुकाच्या वजन वाढवणाऱ्या प्रकाराच्या दोन्ही प्रती असल्या, तर वजन सरासरी तीनेक किलो जास्त भरतं. यावरून कर्करोगाचं भाकीत कसं करणार?

वजनाचा संबंध आहेच. रजोनिवृत्तीनंतर अंडाशय थंडावतात, पण चरबीतलं अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) इस्ट्रोजेन बनवतच राहतं, आणि हे स्त्री-संप्रेरक स्तनाच्या अनेक कर्करोगांना खतपाणी घालतं. मात्र अमेरिकेत ४८,८३५ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत (२००६) नुसत्या कमी चरबीच्या आहाराने हा कर्करोग ठामपणे घटल्याचं दिसलं नाही.

संताप याचा येतो, की आमची आई आणि मावशी दोघींना चाळिशीच्या आत हा आजार झाला होता, आणि अर्जात घराण्याचा इतिहास विचारलेलाच नाही. खरी गरज बीआरसीए १ आणि २ या, बिघडल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका पिढीजात वाढवणाऱ्या, जनुकांच्या तपासणीची होती. ती त्यात नाहीच. असे अहवाल समुपदेशकाशिवाय हाती देण्यावर बंदी घाला.

– एक निवृत्त शिक्षिका