उष्टी हवा

प्रिय सच्या,

परवा तू फोनवर म्हणालास की निम्मा वर्ग खोकतोय आणि पालक सॅनिटायझरच्या बाटल्या पाठवतायत, तेव्हाच बोलणार होतो पण तुझी तासाची घंटा झाली. म्हणून लिहितोय, लांबेल जरा.

सदाशिव पेठेतली आपली अभ्यासिका आठवते ना? चाळीसेक पोरं, एसी सुरू, खिडक्यांना काळा कागद, आणि एकाला सर्दी झाली की आठवड्यात अख्खी रांग आडवी. आपण मेसच्या तेलाला शिव्या घालायचो. मागच्या महिन्यात भाच्याला घेऊन तिथलीच एक अभ्यासिका बघायला गेलो, खिशात सीओटू मीटर होता, म्हणजे हवेत कार्बन डायऑक्साइड किती ते दाखवणारा (हो घेतलाय, बायको अजून बोलते त्यावरून). रस्त्यावर ४३० पीपीएम (दहा लाख भागांत ४३०), आत २४००. तेवढ्या सीओटूनं माणूस मरत नाही, पण आपण सोडतो त्या श्वासात तो साधारण ४०,००० पीपीएम असतो, म्हणजे हिशोब कर, आतला जवळपास दर विसावा श्वास आधी कुणाच्या तरी फुप्फुसात जाऊन आलेला. उष्ट्या ग्लासातलं पाणी आपण पीत नाही लेका, आणि ही हवा दिवसाला बारा बारा तास!

२००९ चा स्वाइन फ्लू तर तू माझ्यासोबतच काढलास. ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू आपल्या पुण्यातच झाला, मग शाळा बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, जो तो तोंडाला रुमाल बांधून, आईनं माझ्या खिशात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी घातलेली. तेव्हा हवेला घाबरलो होतो तरी. २०२० मध्ये मात्र दुधाच्या पिशव्या धूत बसलो. २८ मार्च २०२० ला डब्ल्यूएचओनं ठासून सांगितलं होतं की कोविड हवेतून पसरत नाही, जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून उलट सांगितलं, तरी मान्य करायला संस्थेला बराच वेळ लागला.

आणि ही गोष्ट नवी नव्हतीच रे. विल्यम वेल्स नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९३४ मध्येच मांडलं होतं की बारीक थेंब खाली पडायच्या आत सुकतात आणि तरंगत राहतात. पुढं रिचर्ड रायली या डॉक्टरला सोबत घेऊन बाल्टिमोरच्या एका हॉस्पिटलात टीबीच्या वॉर्डातली हवा पाइपातून वरच्या मजल्यावर नेली, तिथं पिंजऱ्यात गिनीपिग. पेशंटचा कुणाचा हात नाही, थुंकी नाही, फक्त हवा. महिन्याला सरासरी तीन गिनीपिगना टीबी व्हायला लागला! मग दुसऱ्या गटाच्या पाइपात जंतू मारणारे यूव्ही (अतिनील किरणांचे) दिवे लावले, त्यातल्या एकालाही झाला नाही. मला हे वाचून रात्री झोप येईना. जगातले साधारण पाव टीबी पेशंट आपल्या देशात, आणि अजून आपण थुंकू नका एवढ्याच पाट्या लावतो.

पुढच्या साथीची तयारी म्हटलं की लोकांना लॅब आणि लस आठवते. ते हवंच, थ्रिशूरचा देशातला पहिला कोविड नमुना पुण्याच्या एनआयव्हीनंच (राष्ट्रीय विषाणू संस्थेनं) पक्का केला, कोव्हॅक्सिनसाठी विषाणूही तिथूनच गेला, आपल्याला अभिमान आहेच. पण लस यायला महिने जातात, तोवर पोरं त्याच खोलीत बसणार ना? अभ्यासिकेच्या मालकाला मीटर दाखवला तर म्हणाला, साहेब खिडकी उघडली तर एसीचं बिल कोण भरणार. त्याचंही खोटं नाही म्हणा.

तुझ्या वर्गाच्या मागच्या दोन खिडक्या माकडांमुळं खिळे ठोकून बंद केल्यात म्हणालास. खिळे काढ, जाळी बसव, समोरचं दार उघडं ठेव म्हणजे वारा आरपार जाईल. मुख्याध्यापक ऐकणार नाहीत, म्हणून मीटर कुरिअर करतोय. आधी बंद वर्गातला आकडा त्यांच्यासमोर घे, मग खिडक्या उघडून वीस मिनिटांनी पुन्हा. चार्जिंगची वायर वेगळ्या पिशवीत आहे, हरवू नकोस, आणि परत पाठव नाहीतर घरात बोलणी मला खावी लागतील.

तुझाच,
बंड्या