गोळी घेतेस ना?

सांगोला

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की रेंज गेली, असं आई विचारत होती. रेंज गेली म्हणून सांगितलं. मी बोललो ते चुकलंच. इथं उन्हाळ्यात आपल्याच वाड्यांना टँकर आणि आमची लेक निघाली युगांडाला पाणी द्यायला, हे मी म्हणायचं नव्हतं. तेही तू एंटेबीच्या विमानतळावर सामान घेऊन उभी असताना. कागदावर लिहितोय, कारण फोनवर माझा आवाज चढतो. बंटी फोटो काढून पाठवेल.

मलेरियाची गोळी चालू आहे ना? रोज, ठरल्या वेळी. बस, एवढंच विचारायचं होतं.

सोरोटीकडच्या गावाचा फोटो बघितला. पिवळ्या कॅनची रांग आणि मागं हापसा. चष्मा लावून दांडा न्याहाळला. अगं, हा आपलाच की! तिकडं त्याला यू-टू म्हणू देत, मूळ इंडिया मार्क टू. आणि त्याच्या आधीचा सोलापूर पंप. पूर्वी बोअरवर बिडाचे पंप बसवायचे. एका घरापुरते ते, सगळं गाव हापसायला लागलं की मोडायचे. आपल्या सोलापुरात घडलेल्या पंपावरून पुढं मार्क टू आला. ही गोष्ट शेजारच्या देशमुख सरांना दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा तेच म्हणाले, सांगितलंत मघाशी.

२४ वर्षं मी दुरुस्ती पथकात काढली, तर एक ऐक. खालचा वायसर झिजला की पाणी वर येत नाही. तो बदलायला दहा-दहा फुटी सगळे पाईप वर ओढावे लागतात. तिथं यू-थ्री, म्हणजे त्याच्या पुढचा हापसा, असेल तर पाईप रुंद असतो, न काढता काम होतं. तुम्ही पोरं चार आठवड्यांनी निघून जाणार. मग पान्हा कुणाच्या हातात? गावातल्या दोघांना, त्यात एखाद्या बाईला, स्वतःच्या हातानं खोलून जोडायला लावा. आणि पाण्याची आंबटता तपासा. आंबट पाण्यात जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाईप गंजतो, लाल पाणी येतं, मग लोक पुन्हा डबक्यावर जातात. झालं, सुरू झालं माझं भाषण. तू शिकलेली आहेस, तुला हे माहीत असणार.

एकदा वाढेगावच्या रस्त्याला माझ्या हातून पाईप धरायचा क्लॅम्प सुटला. वर काढलेला पाईप, खालचे सगळे पाईप, सगळं धाडकन बोअरात. तू रविवार म्हणून जीपमध्ये आली होतीस, ग्रीसचा डबा मांडीवर धरून. रांगेतल्या एका म्हातारीनं शिवी दिली नाही की काही नाही. घागर पालथी घातली, तिच्यावर बसली आणि म्हणाली, "आता आमी काय प्यावं, बाबा?" घरी येईपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस. तू सिव्हिल घेतलंस तेव्हा मला ती घागरच आठवली. तुला विचारलं नाही कधी.

आप्पांचं तुला माहीत आहे. साधाच ताप म्हणून तीन दिवस घालवले. तू तसं करू नकोस. अंग तापलं की त्याच दिवशी रक्त तपास, मँचेस्टरला परतल्यावर तापलं तरी. गोळ्या परत आल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस. पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड पासपोर्टातच ठेव. संध्याकाळी पूर्ण बाह्या. मच्छरदाणी गादीखाली खोचून झोप, नुसती सोडून नको.

रागावू नकोस. आई म्हणते, तू लहानपणी जीपमध्ये बसायचीस तेव्हा मी तिला म्हणायचो, काही होत नाही तिला.

तिकडं ज्वारी पिकते म्हणतात, भाकरी करतात का बघ. उद्या हापशाच्या डोक्याचं झाकण उघडलंस की आतल्या चेनचा फोटो पाठव, ग्रीस आहे का बघतो.

आणि गोळ्यांच्या पाकिटाचाही पाठव. किती उरल्यात ते दिसलं पाहिजे.

तुझे
आण्णा