"आधी फोन ठेवा" म्हणणाऱ्यांचे आभार

बँकेच्या काउंटरवरच्या ताई, कोपऱ्यावरचा रिचार्जवाला, एटीएमच्या रांगेतला अनोळखी मुलगा... कानाला फोन लावून भामट्याच्या सांगण्यावरून पिन टाकू पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांना "काका, आधी फोन ठेवा" म्हणणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही, जायलाच लागतो, हे तुम्ही न कंटाळता समजावत आलात. त्याहून मोलाचं म्हणजे, पिन न विचारणारा भामटाही तुम्ही ओळखता. तो डेबिट कार्डाचे शेवटचे 6 अंक, एक्स्पायरी आणि ओटीपी मागतो. शिवाय अगम्य अक्षरांचा एक मेसेज तुमच्याच सिमवरून पाठवायला लावतो. त्या मेसेजने तुमचा नंबर त्याच्या फोनमधल्या अ‍ॅपला जोडला जातो आणि उरलेल्या माहितीवर तो सरळ नवा पिन बनवतो. मग जुना कितीही जपा!

पैसे गेलेच, तर "आता घरी काय सांगू" म्हणत बसलेल्यांना धीर देऊन तिथल्या तिथे 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन नंबर लावून देणारेही तुम्हीच. बँक, रक्कम, वेळ आणि 12 अंकी यूटीआर (त्या व्यवहाराचा संदर्भ) क्रमांक आधीच कागदावर लिहून घेता, त्यामुळे तक्रार लगेच नोंदवली जाते. रक्कम पुढच्या खात्यात पळण्याआधी गोठवायला तेवढीच सवड मिळते.